'एलियन' खरोखर असू शकतो का? उत्तर उसाच्या फडात आहे

२०२५ च्या जूनमध्ये ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले. त्यांच्या प्रयोगांच्या सामानात मूग आणि मेथीचं बियाणं होतं आणि टार्डिग्रेड नावाचे अगदी बारीक जिवंत प्राणीही होते. ही बातमी मी अकरावीच्या जीवशास्त्राच्या तासाला सांगितली, तेव्हा मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "सर, तिथनं येताना त्यातलं कायतरी बदलून आलं तर? त्या पिक्चरमधल्यासारखं?"

कुठला पिक्चर, ते निम्म्या वर्गाला लगेच कळलं. रिडली स्कॉट यांचा १९७९ सालचा 'एलियन'. ही पोरं जन्मायच्या कितीतरी आधीचा, पण मोबाइलवर सगळ्यांनी पाहिलेला. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. एक मालवाहू यान, त्यात सात माणसं आणि एक मांजर. वाटेत एका अनोळखी खडकाळ गोलावर उतरावं लागतं. तिथे एका मोठ्या अंड्यातून काहीतरी झेपावतं आणि एका माणसाच्या तोंडाला घट्ट चिकटतं. काही वेळानं ते आपोआप सुटून मरून पडतं. माणूस शुद्धीवर येतो, सगळ्यांबरोबर जेवायला बसतो, आणि भरल्या ताटावर त्याची छाती फोडून एक छोटा जीव बाहेर पडतो. तो काही तासांत माणसापेक्षा उंच होतो आणि एकेकाला गाठून मारतो. त्याचं रक्त इतकं जहाल की लोखंड वितळावं.

तास संपला आणि उत्तर अर्धवट राहिलं. प्रश्न मला फार चांगला वाटतो, म्हणून उरलेलं उत्तर इथे लिहितो.

अंग फोडून बाहेर येणारा जीव: हे तर रोज घडतं

ज्या दृश्याला लोक सगळ्यात जास्त घाबरतात, तेच सगळ्यात खरं आहे. फक्त ते माणसात घडत नाही, अळीत घडतं.

आपल्या संतवाङ्मयात अळी आणि भिंगुरटीचा दृष्टांत येतो. भिंगुरटी अळीला उचलून मातीच्या घरट्यात कोंडते, अळी भीतीनं तिचाच ध्यास घेते आणि शेवटी स्वतः भिंगुरटी होते. भक्तानं देवाचा असाच ध्यास घ्यावा, हा त्यातला भाव. निरीक्षण अचूक होतं. मातीच्या घरट्यात खरंच अळी जाते आणि काही दिवसांनी भिंगुरटीच बाहेर येते. मधल्या काळात आत जे घडतं ते मात्र डोळ्यांआड होतं. भिंगुरटी, म्हणजे आपल्या खिडकीच्या चौकटीत मातीचं घर बांधणारी कुंभारीण माशी, अळीला डंख मारून लुळी करते, पण मारत नाही. मग तिला आपल्या अंड्यासोबत घरट्यात ठेवून दार लिंपून टाकते. अंड्यातून निघालेलं पिल्लू ती ताजी, जिवंत अळी खाऊन वाढतं. अळीची भिंगुरटी होत नाही, अळी खाऊन भिंगुरटी होते.

ज्याच्या जिवावर दुसरा जीव वाढतो, त्याला जीवशास्त्रात 'यजमान' म्हणतात आणि वाढणाऱ्याला परजीवी. डोक्यातली ऊसुद्धा परजीवीच. पण ऊ यजमानाला मारत नाही, कारण तो मेला तर तिचंच पोट उपाशी. भिंगुरटीच्या जातीतल्या हजारो माश्यांचं तसं नाही. त्यांचं पिल्लू मोठं होतं तेव्हा यजमान मरतोच. चार्ल्स डार्विनला या माश्यांनी इतकं अस्वस्थ केलं होतं की १८६० साली एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यानं म्हटलं, दयाळू परमेश्वरानं हे जाणूनबुजून घडवलं असेल हे मला पटत नाही.

डार्विनला हे जितकं क्रूर वाटलं, तितकंच आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या ऊसवाल्याला ते उपकारक आहे. उसाच्या खोडात शिरून पोखरणाऱ्या किडीवर 'कोटेशिया' नावाची बारीक माशी जगते. ती बोगद्यातल्या अळीला गाठते आणि तिच्या अंगात अंडी सोडते. अळी वरून धडधाकट दिसते, खात राहते. आत पिल्लं वाढत असतात. मग एके दिवशी अळीच्या कातडीला ठिकठिकाणी भोकं पडतात, पांढरट पिल्लं बाहेर सरकतात आणि तिथेच, तिच्याच अंगाशी, कापसाच्या बोंडासारखे इवलेसे कोश विणतात. भरल्या ताटावरच्या त्या प्रसंगात आणि यात फरक एवढाच की इथे एक नाही, डझनावारी बाहेर पडतात.

याहून लहान ट्रायकोग्रामा. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची ही माशी अळीची वाटही बघत नाही, किडीच्या अंड्यातच आपलं अंडं घालते. शेतकऱ्याला ती ट्रायकोकार्डाच्या रूपात मिळते. जाड कागदाचा तुकडा, त्यावर खसखशीसारखी चिकटवलेली तांदळातल्या पतंगाची साधारण वीस हजार अंडी. ज्या अंड्यात ट्रायकोग्रामा वाढते ते तीन-चार दिवसांत काळं पडतं. कार्डाच्या पट्ट्या कापायच्या आणि उसाच्या पानाला खालच्या अंगानं टाचायच्या. बाहेर पडलेल्या माश्या फडभर फिरून खोडकिडीची अंडी हुडकतात.

मग माणसाच्या अंगात असं काही का वाढणार नाही?

जनावराच्या जखमेत अळ्या पडतात, हे गोठा असलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. दुर्लक्ष झालं तर माणसाच्या जखमेतही पडतात. म्हणून हा प्रश्न रास्त आहे.

पण त्या माश्या लाखो-कोट्यवधी वर्षं सस्तन प्राण्यांच्या सोबतीनंच घडल्या आहेत. परजीवी होणं म्हणजे नुसतं आत शिरणं नव्हे. आत शिरल्यावर यजमानाच्या शरीराची राखण चुकवायची असते, त्याचंच अन्न पचवायचं असतं, त्याच्या तापमानात वाढायचं असतं. कुलूप-किल्लीसारखं हे सगळं जुळावं लागतं. ट्रायकोग्रामाला पतंगाची अंडी चालतात, कोंबडीचं चालत नाही. उसाला मोझॅक नावाचा रोग विषाणूमुळे होतो, पानावर फिकट-हिरवे चट्टे दिसतात. अशा उसाचा रस आपण ग्लासभर पितो आणि विषाणू पोटात जाऊनही आपल्याला काही होत नाही. आपल्या पेशीच्या कुलपाला त्याची किल्ली लागतच नाही. ऊस आणि आपण एकाच पृथ्वीवरचे, तरी ही गत. मग ज्यानं पृथ्वी कधी पाहिलीच नाही, त्याच्याकडे आपल्या कुलपाची किल्ली कुठून येणार?

"पण सर, कोरोना प्राण्यातनंच आला ना?" हा पुढचा प्रश्न वर्गात आलाच. या जातीचे विषाणू प्राण्यांतून माणसात येतात, हे खरं. पण तेही एका सस्तन प्राण्यातून दुसऱ्या सस्तन प्राण्यात येतात. वटवाघूळ आपल्याला परकं वाटलं तरी त्याच्या पेशीचं कुलूप आपल्या भाऊबंदाचं आहे. शेजारच्या घराची किल्ली कधीतरी आपल्या दाराला लागते, तसं.

याहून खोल अडचण रसायनाची आहे. आपल्या शरीरातली प्रथिनं अमिनो आम्लांची बनतात, माळेत मणी असावेत तशी. या मण्यांचे दोन अवतार असू शकतात, डावा आणि उजवा. कोल्हापुरी चपलेच्या जोडासारखे: चामडं तेच, माप तेच, शिलाई तीच, पण डाव्या पायाची चप्पल उजव्यात जात नाही. पृथ्वीवरची सजीव सृष्टी प्रथिनांसाठी जवळजवळ पूर्णपणे डावेच मणी वापरते. अवकाशात काय आहे? बेन्नू नावाच्या लघुग्रहावरून नासाच्या यानानं २०२३ च्या सप्टेंबरमध्ये १२१.६ ग्रॅम माती-खडे पृथ्वीवर आणले. त्यात जीवसृष्टी वापरते त्या २० पैकी १४ अमिनो आम्लं सापडली, पण डावी आणि उजवी जवळपास सारख्याच प्रमाणात. म्हणजे कच्चा माल सगळीकडे आहे, आणि त्यातून दुसरीकडे कुठे जीव घडला असेल तर त्यानं उजवे मणी निवडले असण्याचीही तितकीच शक्यता आहे. तशा जीवाला आपलं मांस खाऊन ते नीट अंगीही लागणार नाही.

एका दिवसात सात फूट

हे मात्र अजिबात शक्य नाही, आणि का नाही ते आपल्या तालमीतला कुठलाही पोरगा सांगेल. खुराकाशिवाय अंग धरत नाही. दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण, वर्षानुवर्षं पोटात जातं तेव्हा पैलवान उभा राहतो. वस्तुमान हवेतून येत नाही.

झटपट वाढणारं जनावर बघायचं असेल तर ब्रॉयलर कोंबडी बघा. माणसानं निवडून-निवडून तिला त्यासाठीच घडवलं आहे. तिलाही दोन किलोची व्हायला पाच-सहा आठवडे लागतात आणि एक किलो वजन चढायला दीड किलोहून जास्त खाद्य लागतं. चित्रपटातला प्राणी शंभर किलोचा धरला, तर त्यानं काही तासांत दीडशे किलो तरी फस्त करायला हवं. यानातलं सगळं कोठार त्यानं रिकामं केलं असं मानलं, तरी एवढं पचवताना जी उष्णता निर्माण होईल तिनं तो स्वतःच उकडून निघेल.

ॲसिडचं रक्त

बाथरूम धुण्याचं ॲसिड शहाबादी फरशीवर सांडलं की फसफसतं, फेस येतो, फरशी खरबरीत होते आणि थांबतं. फरशीला आरपार भोक पडत नाही. ॲसिड खाताखाता स्वतःही खर्ची पडतं. यानाचे मजल्यामागून मजले भेदत जायला घागरभर रक्त सांडायला हवं, चार थेंब नव्हे.

पण जहाल रसायन अंगात बाळगणं अशक्य नाही. हुपरीच्या चांदी कारागिराला विचारा: नायट्रिक ॲसिड चांदी विरघळवतं आणि काचेच्या बाटलीत निवांत बसतं. भांडं योग्य हवं. आपल्या जठरातही हायड्रोक्लोरिक ॲसिडच असतं, आतलं बुळबुळीत अस्तर जठराला वाचवतं. 'बॉम्बार्डियर' नावाचा भुंगेरा तर रसायनांचं मिश्रण एका पिशवीत आणि त्याला भडकवणारी विकरं दुसऱ्या कप्प्यात ठेवतो आणि शत्रू आला की एकत्र करून शंभर अंशांच्या आसपासचा फवारा मारतो.

हवा नाही, पाणी नाही, तरी जिवंत?

आता त्या टार्डिग्रेडकडे येऊ. मराठीत त्यांना जलअस्वल म्हणतात. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा, आठ पायांचा, गुबगुबीत प्राणी. पावसाळ्यात आपल्याकडे भिंतींवर जे हिरवं शेवाळ चढतं, तसल्या ओलसर शेवाळात तो जगभर आढळतो.

२००७ साली युरोपीय अंतराळ संस्थेच्या मोहिमेत एका रशियन यानातून जलअस्वलं अवकाशात नेऊन दहा दिवस उघड्यावर ठेवली गेली. हवा शून्य, दाब शून्य. परत आणून पाणी घातल्यावर बरीचशी पुन्हा चालायला लागली, पिल्लंही झाली. ज्यांच्यावर सूर्याची पूर्ण अतिनील किरणं पडली त्यांतली मात्र फारच थोडी तगली. जपानी शास्त्रज्ञांनी एका चिवट जिवाणूचे गोळे स्थानकाच्या बाहेर टांगले, तर तीन वर्षांनंतरही जाड गोळ्यांच्या आतले जिवाणू जिवंत निघाले. वरचे थर मेले आणि त्यांनी आतल्यांना आडोसा दिला.

मग चित्रपटातला प्राणी का नाही? कारण जलअस्वल तिथे *जगत* नसतं, *थांबलेलं* असतं. अंगातलं जवळजवळ सगळं पाणी काढून, पाय आत ओढून ते सुकल्या दाण्यासारखं होतं. खाणं नाही, वाढणं नाही, हालचाल नाही. मिसळीची मटकी आठवा. कोरडी मटकी डब्यात वर्षभर पडून राहते, तिला ना भूक ना तहान. रात्री भिजत घातली की दुसऱ्या दिवशी मोड. मटकीचा दाणा डब्यात असताना उड्या मारू शकत नाही, तसंच सुकलेलं जलअस्वल कुणाचा पाठलाग करू शकत नाही. तग धरायची तर थांबावं लागतं आणि शिकार करायची तर पाणी, ऊर्जा, ऊब लागते. दोन्ही एकाच वेळी करणारा जीव आजवर सापडलेला नाही.

कोल्हापुरात जन्मलेल्या शास्त्रज्ञानं हेच तपासलं होतं

डॉ. जयंत नारळीकरांचा जन्म १९ जुलै १९३८ चा, आपल्या कोल्हापुरातला. २० मे २०२५ रोजी ते गेले तेव्हा बहुतेकांनी त्यांच्या विश्वरचनेच्या सिद्धांताची आणि मराठी विज्ञानकथांची आठवण काढली. मला आठवतो त्यांचा फुग्यांचा प्रयोग, कारण तो थेट या विषयातला आहे.

फ्रेड हॉईल आणि चंद्रा विक्रमसिंघे या शास्त्रज्ञांचं म्हणणं होतं की जीवनाचं बीज अवकाशातून पृथ्वीवर येत असतं. पटो न पटो, तपासायचं कसं? नारळीकर ज्याचे प्रमुख होते त्या चमूनं इस्रोच्या साहाय्यानं हैदराबादहून प्रचंड फुगे सोडले. २००५ च्या फुग्याखाली निर्जंतुक केलेल्या पोलादी नळ्या होत्या, द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेल्या. वर गेल्यावर नळीचं तोंड उघडायचं, आत इतकी थंडी की बाहेरची विरळ हवा ओढली जाऊन तिथेच गोठायची. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा अशी गोळा झाली. ज्या उंचीवर प्रवासी विमानंही उडत नाहीत, तिथल्या त्या हवेत जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती वाढल्या. २००९ साली जाहीर झालं की त्यांतले तीन जिवाणू विज्ञानाला नवे आहेत. एकाला हॉईलचं नाव दिलं, एकाला इस्रोचं आणि एकाला आर्यभटाचं.

मग ते अवकाशातून आले का? प्रयोग करणाऱ्यांनी स्वतःच सांगितलं की हे त्यातून निर्णायकपणे सिद्ध होत नाही. पुढे आर्यभटाच्या नावाचा जिवाणू जमिनीतल्या मातीत, पिकांच्या मुळांशीही सापडला. मातीतून वर गेला असणं जास्त संभवतं. असा प्रश्न हसण्यावारी न नेता, नळ्या निर्जंतुक करून तपासायचा आणि उत्तर अर्धं असेल तर अर्धंच सांगायचं, हे मला त्या प्रयोगातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

दार उघडायचं का?

चित्रपटात राक्षसापेक्षा महत्त्वाचा एक प्रसंग फार आधी येतो. तोंडाला तो जीव चिकटलेल्या साथीदाराला घेऊन दोघं यानाच्या दाराशी येतात. आतली रिप्ले दार उघडायला नकार देते. नियम आहे, चोवीस तास विलगीकरण. आपला माणूस मरतोय, बाहेरून कप्तान हुकूम सोडतोय, तरी ती ठाम राहते. दुसराच एक जण आतून बटण दाबतो.

हे बघताना मला कागलकडच्या मामांचा फड आठवतो. उसाला काणी पडते, बुरशीचा रोग. शेंड्यातून कोंभाऐवजी काळा, लवलवता चाबूक निघतो, कधी हातभर, कधी त्याहून लांब. त्यावर चंदेरी पातळ पापुद्रा असतो आणि आत काजळीसारखी भुकटी. ती भुकटी म्हणजे बुरशीचं बी. पापुद्रा फाटला आणि वारा लागला की शेजारच्या फडातही रोग. लहानपणी मी कुतूहलानं हात घालायला गेलो तर मामा ओरडले, "हात लावू नगंस! आधी पोतं घाल." चाबकावर अलगद पोतं चढवायचं, मग कोयत्यानं कापायचं, बेट मुळासकट खणायचं आणि जाळायचं. बेण्यातून रोग येऊ नये म्हणून लागणीआधी बेण्याला ५४ अंशांच्या दमट गरम हवेची प्रक्रिया देतात, तीही याच विचारानं. २०२० साली मुंबईहून गावी आलेल्या सख्ख्या माणसालाही आपण शाळेच्या खोलीत चौदा दिवस ठेवलं होतं. दार न उघडणं किती जड जातं, ते तेव्हा आपल्याला कळलं.

अंतराळवाल्यांनीही हे केलं आहे. चंद्रावरून परतलेल्या अपोलो ११ च्या तिघांना १९६९ साली २१ दिवस कोंडून ठेवलं होतं आणि चंद्राची माती उंदीर, झुरळं, रोपं यांच्यावर तपासली होती. पण त्यातही एक भोक राहिलं होतं: कुपी समुद्रात उतरल्यावर तिचं दार तिथेच उघडलं गेलं आणि आतली हवा बाहेर मिसळली. चंद्र निर्जीव आहे याची खात्री पटल्यावर, अपोलो १४ नंतर ही पद्धत बंद झाली. मंगळावरची माती कधी आणली, तर मात्र ती अत्यंत कडेकोट प्रयोगशाळेतच उघडावी लागेल. तशी सर्वोच्च सुरक्षेची प्रयोगशाळा जीवघेण्या विषाणूंसाठी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत आहे. तिथे आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवतात, म्हणजे फट राहिली तरी हवा आत येते, बाहेर जात नाही.

आणि धोका उलट दिशेनंही आहे, ज्याचा चित्रपट विचार करत नाही. आपणही कुणासाठी तरी 'एलियन' ठरू शकतो. १९६७ च्या अंतराळ करारात दुसऱ्या ग्रहांना दूषित करायचं नाही, असं करारात सामील देशांवर बंधन आहे. मंगळावर १९७६ साली उतरलेली व्हायकिंग यानं निघण्याआधी ११० अंशांहून जास्त तापमानात अनेक तास भाजून निर्जंतुक केली होती. शनीभोवती १३ वर्षं फिरलेलं कॅसिनी १५ सप्टेंबर २०१७ रोजी मुद्दाम शनीच्या वातावरणात घालून जाळलं. इंधन संपल्यावर ते चुकून एन्सेलाडस या चंद्रावर आदळलं असतं, तर तिथल्या बर्फाखालच्या समुद्रात आपले जंतू पोहोचायची भीती होती.

"बदलून आलं तर?"

त्या मुलाच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. बदलतं. नासाची जेट प्रोपल्शन प्रयोगशाळा आणि आयआयटी मद्रास इथल्या शास्त्रज्ञांनी २०२४ साली अंतराळ स्थानकावरच्या एका जिवाणूचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याचे १३ नमुने तपासले, सगळे अनेक औषधांना दाद न देणारे. पृथ्वीवरच्या आपल्या भावंडांपेक्षा जनुकांनी वेगळे झालेले. तो परग्रहावरून आलेला नाही, पृथ्वीवरून माणसांबरोबरच वर गेलेला आहे. बंद खोली, पुन्हापुन्हा फिरणारी हवा, वजनरहित अवस्था आणि किरणोत्सार यांत तगता तगता तो वेगळा झाला. त्याला दात नाहीत, सात फूट उंची नाही. पण घरापासून दूर, शरीराची प्रतिकारशक्ती मंदावलेल्या अंतराळवीराला ताप आला आणि औषध लागू पडलं नाही, तर करायचं काय, हा प्रश्न तिथल्या डॉक्टरांपुढे आहे.

पुढच्या आठवड्यात मी वर्गात ट्रायकोकार्डाची एक पट्टी नेली. काचेच्या नळीत घालून तोंडाला कापसाचा बोळा लावला आणि नळी खिडकीत ठेवली. चौथ्या दिवशी सकाळी काळ्या अंड्यांना सुईच्या टोकाएवढी भोकं पडलेली होती आणि काचेवर टिंबं चालत होती. प्रश्न विचारणारा पोरगा हातकणंगले तालुक्यातला, घरचा ऊस आहे. त्यानं नळी उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिली. मग विचारलं, "बोळा काढू काय सर?"

"इथे नको," म्हटलं, "फडात नेऊन काढ."